कोयनानगर ते फ्रीपोर्ट, टपालाने

पहिला दिवस : बोस्टन ते फ्रीपोर्ट

बोस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून डाउनईस्टर नावाची गाडी सुटते आणि न्यू हॅम्पशायर ओलांडून मेन राज्यातल्या ब्रन्सविकपर्यंत जाते. ब्रन्सविकच्या अलीकडचं स्टेशन फ्रीपोर्ट. आमची तिकिटं फ्रीपोर्टची होती. शेजारी पुतणी, वर दोन बॅगा, आणि माझ्या मांडीवर अण्णांच्या जुन्या पंच्यात गुंडाळलेला एल. एल. बीन कंपनीचा १९७७ सालचा कॅटलॉग. तो बॅगेत ठेवायला मन घेईना.

अण्णा म्हणजे माझे वडील. टपाल खात्यात होते. मी प्राथमिक शाळेत असताना त्यांची बदली कोयनानगरला झाली, सब-पोस्टमास्तर म्हणून. तिथला पाऊस ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि तो सगळा चार महिन्यांत. कपडे चुलीवर दोरी बांधून वाळवायचे, वह्यांना बुरशी धरायची, आणि घरातल्या प्रत्येकाच्या पायाच्या बोटांत चिखल्या. पोस्टमन आजारी पडला की अण्णा स्वतः थैली घेऊन निघायचे. रात्री आई त्यांच्या बोटांच्या बेचक्यांत मेंदीचा लेप लावायची.

१९७६ साली माझा आतेभाऊ बोस्टनला शिकायला गेला. त्याला अण्णांचा फार लळा. पुढच्या हिवाळ्यात त्याने बोटीच्या टपालाने हा कॅटलॉग पाठवला. आत चिठ्ठी होती: ‘मामा, इथे एका खेड्यात एक दुकान आहे. त्यांचा सगळा धंदा पोस्टावर चालतो. तुम्हाला बघायला आवडेल.’

आवडेल हा शब्द थोडाच पडला. अण्णा रोज रात्री जेवण झालं की कंदील पुढे ओढून कॅटलॉग उघडायचे. आमच्या घरात शिकार कुणी केली नव्हती, कुणी करणारही नव्हतं. पण त्या पानांवर जंगलात राहायला लागणारं सगळं होतं: लोकरीचे कोट, बर्फात चालायचे जाळीदार सपाते, झोपायच्या पिशव्या, तळ्यात तरंगत सोडायची लाकडी बदकं, मासे ठेवायच्या वेताच्या परड्या. प्रत्येक वस्तूखाली चार ओळी, शेजाऱ्याने सांगावं इतक्या साध्या. डॉलर तेव्हा पावणेनऊ रुपयांच्या आसपास होता. अण्णांनी प्रत्येक किमतीपुढे समासात पेन्सिलने रुपये मांडून ठेवले. मागवलं कधीच काही नाही. परकीय चलन, आयातीचा परवाना, जकात. पोस्टमास्तरला हे सगळं पाठच होतं.

एका पानाची घडी मात्र इतक्या वेळा उघडली गेली की कागद तिथे कापडासारखा मऊ झालाय. त्या पानावर ‘मेन हंटिंग शू’ आहे. खाली रबर, वर चामडं, घोट्याच्या वर जाणारा बूट. अण्णा ते चित्र बघून म्हणाले होते, “या माणसाला नक्की चिखल्या झाल्या असणार.”

ते खरंच निघालं म्हणायचं. लिऑन लिऑनवुड बीन १९११ साली मेनच्या जंगलातून शिकारीहून परतला तो भिजलेले, थंडीने बधिर झालेले पाय घेऊन. नुसत्या चामड्याचा बूट पाणी पितो आणि नुसत्या रबराचा जड होतो, पाय आतल्या आत घामाने भिजवतो. म्हणून त्याने गावातल्या चांभाराला सांगून रबरी बुटाच्या तळाला चामड्याचा वरचा भाग शिवून घेतला. पुढच्या वर्षी, १९१२ मध्ये, त्याने तोच बूट टपालाने विकायला काढला.

तीन-सव्वातीन तासांनी उतरलो. स्टेशनपासून दुकान चालत पाच मिनिटांवर. आधी दिसतो तो दाराबाहेर उभा असलेला दुमजली घराएवढा बूट. लोक त्याच्यासमोर फोटो काढत होते. आम्हीही काढला, माझ्या हातात कॅटलॉग, ते पान उघडून.

खोलीवर जाऊन जेवून झोपलो. पण रात्री दीडला मला जाग आली, आणि मग झोप येईना. हे दुकान १९५१ पासून दिवसरात्र उघडं असतं. त्याआधी उत्तरेकडे निघालेले शिकारी मध्यरात्री गावातून जाताना दार ठोठवायचे, त्यांच्यासाठी रात्रीची घंटा होती. शेवटी बीननी ठरवलं, दार लावायचंच नाही. करोनात, २०२० मध्ये, ते काही काळ बंद राहिलं. अध्यक्ष केनेडींच्या मृत्यूनंतर आणि खुद्द बीन १९६७ साली ९४ व्या वर्षी गेले तेव्हाही बंद ठेवलं होतं. अशा मोजक्या वेळा सोडल्या तर दिवा चालूच.

पुतणीला हलवलं. ती डोळे चोळत म्हणाली, “आत्या, आत्ता?” मी म्हटलं, “त्यासाठीच तर ते उघडं आहे.”

रात्री दोनला दुकानात जेमतेम आठ-दहा माणसं होती. एक तरुण बाप कडेवरच्या झोपलेल्या लेकराला घेऊन आतल्या ट्राउट माशांच्या तळ्यापाशी उभा होता. भिंतींवर जुन्या कॅटलॉगची मुखपृष्ठं. मी बुटांच्या फळीपाशी गेले आणि पंचा सोडला.

अण्णा गेल्यावर कपाट आवरताना कॅटलॉगमधल्या त्या पानात मला घडी घातलेला एक मनीऑर्डरचा फॉर्म सापडला होता. त्याच्या कोऱ्या बाजूवर एका पावलाची आकृती. पोस्टात कॉपिंग पेन्सिल असायची, ओली केली की जांभळी उमटणारी. तिने पाय कागदावर ठेवून भोवती रेघ ओढलेली. अंगठ्यापाशी रेघ जरा हललीय. स्वतःच वाकून काढली असणार. खाली इंचांत लांबी-रुंदी, आणि तारीख: १४ जुलै १९७८. भर पावसाळा. आईलासुद्धा त्यांनी हे कधी दाखवलं नव्हतं.

तो कागद मी पुरुषांच्या बुटांच्या तळव्यांवर एकेक करून लावून पाहिला. तिथली मुलगी जवळ आली. तिला वाटलं मी कुणासाठी तरी बूट घेतेय, आणि ते खरंही होतं. तिने कागद हातात घेतला, फार जपून. म्हणाली, या बुटात अर्धी मापं नसतात, पूर्णच असतात. मोजे पातळ असतील तर एक माप खाली घ्यावं. मग तिनेच एक बूट काढला, उलटा केला, त्यावर कागद ठेवला. साखळीच्या नक्षीचा तो रबरी तळ आणि जांभळी रेघ, दोन्ही टाचेपासून बोटांपर्यंत जुळली. आठ नंबर.

मी तो बूट बराच वेळ धरून उभी होते. चामड्याला तेलाचा वास, रबराला सायकलच्या नव्या ट्यूबचा. जिथे चामडं रबराला मिळतं तिथे शिवणीच्या तीन समांतर ओळी. बोट फिरवलं की टाके मोजता येतात.

दुसरा दिवस : फ्रीपोर्ट

दिवसभर पाऊस. फ्रीपोर्टचा मुख्य रस्ता आता सगळा मोठमोठ्या कंपन्यांच्या दुकानांचा आहे, त्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

दुपारी पाऊस जरा थांबला तेव्हा वुल्फ्स नेकच्या जंगलात गेलो. कॅस्को खाडीच्या काठाकाठाने पायवाट आहे, पाइनच्या सुयांचा जाड थर, त्यामुळे पाऊल वाजत नाही. समोरच्या छोट्या बेटावर ऑस्प्रेचं घरटं दिसतं. ऑक्टोबरात पक्षी दक्षिणेला गेलेले असतात. काटक्यांचं रिकामं घरटं तेवढं होतं. तिथेच माझ्या बुटाने दगा दिला. प्रवासासाठी म्हणून पुण्यातल्या एका दुकानातून घेतलेले नवे कोरे बूट, आणि उजव्याचा तळ पुढून उघडला. प्रत्येक पावलाला फटक्‌ फटक्‌. पुतणीने केसांचा रबर काढून त्यावर चढवला आणि तशीच मी भाड्याच्या गाडीपर्यंत आले. मोजा चिंब, बोटं गार.

संध्याकाळी हीटरसमोर पाय धरून बसले होते तेव्हा ती नव्वद जोड्यांची गोष्ट मला पहिल्यांदा पायातून कळली.

बीननी पहिल्या खेपेला शंभर जोड्या पाठवल्या. पत्ते कुठून आणले? मेनमध्ये शिकारीचा परवाना घेणाऱ्या परराज्यातल्या लोकांची यादी मिळवली आणि त्यांना तीन पानी पत्रक धाडलं. बंदुकीच्या खालोखाल महत्त्वाचं काही असेल तर ते पायात काय घातलंय हे, असं त्यात होतं, आणि पसंत पडलं नाही तर पैसे परत असंही होतं. त्या शंभरांतल्या नव्वद जोड्या परत आल्या. पातळ रबराला टाके धरले नाहीत, चामडं सुटून आलं. कंपनी स्वतःच ही गोष्ट सांगते. बीननी नव्वदही जणांचे पैसे परत केले, कर्ज काढलं, जास्त चिवट रबर करून घेतलं आणि पुन्हा सुरुवात केली.

अण्णांनी ही गोष्ट आतेभावाच्या पुढच्या पत्रातून वाचली होती आणि ती ते दर वर्षी कुणा ना कुणाला सांगायचे. सांगताना त्यांचं लक्ष बुटावर नसायचं. ते म्हणायचे, विचार कर, एका माणसाने दुसऱ्याला पाहिलेलं नाही. मधे फक्त पोस्ट. याने आधी पैसे पाठवले, त्याने माल पाठवला. माल फाटला तर याने तो परत पोस्टात टाकला, त्याने पैसे परत पोस्टात टाकले. चारही वेळा मधल्या माणसांनी पुडकं जागच्या जागी पोचवलं. आमच्याकडे व्हीपीने, म्हणजे पोस्टात पैसे भरून मग पार्सल सोडवायच्या पद्धतीने, मागवलेल्या घड्याळाच्या डब्यात दगड निघाल्याचं प्रकरण एकदा त्यांच्याच काउंटरवर झालं होतं. गावातल्या एका पोराने चार महिने साठवलेले पैसे गेले. पाठवणारा सापडला नाही. अण्णा त्या पोराच्या घरी जाऊन बसले होते, पोस्टाचा काही दोष नसताना.

म्हणून त्यांना बीनच्या कामाची रीत इतकी जवळची वाटायची. त्यात भर म्हणजे फ्रीपोर्टचा पोस्टमास्तर बीनचा सख्खा भाऊ, गाय. खाली पोस्ट, वर बूट शिवायचा कारखाना. वरून पार्सलं घसरगुंडीवरून थेट खाली पोस्टात उतरायची. अमेरिकन टपाल खात्याने १ जानेवारी १९१३ ला पार्सल पोस्ट सुरू केलं. त्याआधी चार पौंडांच्या वरचं पुडकं पोस्ट घ्यायचंच नाही. बीनचा धंदा नुकताच उभा राहत होता आणि हे दार उघडलं. अण्णा ही तारीख आम्हाला सणाच्या तिथीसारखी सांगायचे.

१९१६ साली बीननी दुकानाच्या भिंतीवर एक सूचना लावली. तिचा आशय असा, की माल वापरून झिजला आणि तरी गिऱ्हाईक समाधानी असेल, तेव्हाच मी विक्री पूर्ण झाली असं मानतो. वस्तू कधीही, कितीही वर्षांनी परत करायची सोय पुढे कैक वर्षं होती. २०१८ मध्ये ती एका वर्षावर आणली गेली. लोक जुन्या बाजारातून, कचऱ्यातून वस्तू उचलून आणून पैसे मागायला लागले होते. ती बातमी आली तेव्हा अण्णांची दृष्टी अधू झाली होती, मीच वाचून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मोडलं ते गिऱ्हाइकांनी.”

तिसरा दिवस : ग्रीनवुड, रम्फर्ड, हाइट ऑफ लँड

त्याच गाडीने उत्तरेला निघालो. पुतणी चालवायला, मी नकाशा धरायला. तळ सुटलेल्या बुटाला रात्री तिने कसलासा डिंक लावून वर पुस्तकं ठेवली होती, तो तेवढ्यापुरता धरला.

ग्रीनवुड हे बीनचं जन्मगाव, १८७२ चं. तळी, टेकड्या, लांब लांब घरं. बघण्यासारखं त्यांचं काही तिथे असेल म्हणून आम्ही गेलोच नव्हतो. मला फक्त ती जमीन बघायची होती. बाराव्या वर्षी चार दिवसांच्या अंतराने आई आणि वडील दोघंही गेलेला मुलगा या टेकड्यांत वाढला, सापळे लावायला आणि जंगलात वाट काढायला शिकला. तळ्याकाठी गाडी थांबवून आम्ही दशम्या आणि लसणीची चटणी खाल्ली. मेपलची पानं त्या दिवसांत जी लाल होतात ती आपल्याकडे फक्त पळसाला माहीत आहे, आणि पळस ते फुलांनी करतो.

रम्फर्डला अँड्रोस्कॉगिन नदीवर कागदाची प्रचंड गिरणी आहे. काच वर असूनही उग्र वास गाडीत आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या गिरणीकडे अमेरिकन टपाल खात्याच्या सगळ्या पोस्टकार्डांचं कंत्राट होतं, दिवसाला तीस लाखांपर्यंत कार्डं निघायची. हे अण्णांना ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर त्यांनी मला नक्की सांगितलं असतं. गाडीतून ती धुराडी दिसेनाशी होईपर्यंत मी मागे वळून बघत होते. सवय अशी, की त्यांना सांगायच्या गोष्टी मी अजून मनात बाजूला काढून ठेवते.

रम्फर्डपुढे सतरा नंबरचा रस्ता. बायरनला स्विफ्ट नदीने खडक कापून केलेली घळ आहे, तिथे लोक वाळू चाळून सोन्याचे कण शोधतात. पुढे चढ लागतो आणि एका वळणावर डोंगर एकदम खाली सरकतो. हाइट ऑफ लँड. खाली मूसलुकमेगंटिक तळं, त्यात बेटं, पलीकडे डोंगरांमागे डोंगर. वारा इतका की पुतणीने माझा हात धरून ठेवला. मला शिवसागर आठवला. कोयनेच्या धरणाचं पाणी वासोट्याच्या बाजूने असंच डोंगरांच्या कुशीत शिरलेलं दिसतं.

कॉलेजात असताना मी वासोट्याला गेले होते ती हंटर शूज घालून. सह्याद्रीत फिरणाऱ्या कुणालाही विचारा. कॅनव्हासचा वरचा भाग, रबराचा खाचांचा तळ, किंमत परवडणारी, आणि ओल्या कातळावर बोटांसारखी पकड. अण्णांनीच आणून दिले होते कराडच्या बाजारातून. पुतणीला सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणजे आजोबांनी तुला हंटिंग शू घेऊन दिलाच की.”

मला हे चाळीस वर्षांत सुचलं नव्हतं.

चौथा दिवस : ओकोसॉक

ओकोसॉक हे रेंजली तळ्यांच्या भागातलं छोटं गाव. तिथे शिकार आणि मासेमारीच्या जुन्या परंपरेचं एक संग्रहालय आहे. लाकडी इमारत, आत जुनी होडी, गळ, काठ्या, मोठमोठ्या माशांचे जतन केलेले नमुने. मेन राज्याने १८९७ मध्ये जंगलातल्या वाटाड्यांना परवाने द्यायला सुरुवात केली तेव्हा पहिला परवाना एका बाईला मिळाला: कॉर्नेलिया क्रॉस्बी, लोक तिला फ्लाय रॉड म्हणायचे. तिच्यापाशी मी थांबलेच असते. पण नजर शेजारच्या काचेकडे गेली आणि तिथून हलेना.

काचेत कॅरी स्टीव्हन्स यांनी बांधलेल्या माशा मांडल्या होत्या. माशी म्हणजे गळावर दोऱ्याने पिसं, केस, कलाबतू बांधून केलेलं खोटं आमिष. कॅरीबाई मूळच्या हॅट शिवणाऱ्या. इथून जवळच अपर डॅमला राहायच्या, नवरा वाटाड्या. १ जुलै १९२४ ला त्यांनी स्वतः बांधलेल्या आमिषावर सहा पौंड तेरा औंसांचा ब्रुक ट्राउट पकडला, म्हणजे तीन किलोंच्या वर. त्यानंतर त्यांच्या माशांना इतकी मागणी आली की त्या पुढे कैक वर्षं बांधत राहिल्या. शिकंजा न वापरता, गळ नुसत्या बोटांत धरून. त्यांची सर्वांत नावाजलेली माशी ग्रे घोस्ट. या तळ्यांत स्मेल्ट नावाचे चिमुकले चंदेरी मासे असतात, त्यांच्यासारखी दिसणारी.

मी काचेला नाक लावलं. नारिंगी रेशमाचं अंग, त्यावर चंदेरी कलाबतूचे वेढे. पोटाखाली पांढरे केस आणि मोरपिसाचे तंतू. वर करड्या पिसांची पाठ. आणि डोळ्याच्या जागी, दोन्ही बाजूंना एकेक, काळसर पिसावर मेणाचा थेंब पडून थिजावा तसा पांढरट ठिपका.

ते पीस माझ्या कंपासपेटीत होतं. चौथीत असताना नवज्याच्या रस्त्यावर सापडलेलं. राखी रानकोंबड्याच्या मानेचं पीस.

दुसऱ्या कुठल्या पक्ष्याचं असं पीस नाही. नराच्या मानेवरच्या पिसांची दांडी टोकाशी चपटी होते आणि तिचे मेणासारखे चकचकीत ठिपके बनतात. हा पक्षी भारताच्या द्वीपकल्पाचा, आपल्या सह्याद्रीचा. ब्रिटिशांच्या काळात गळावरच्या माशा बांधणाऱ्यांना या पिसाचं वेड लागलं. बोटी भरभरून ती विलायतेला गेली आणि तिथून अमेरिकेच्या या तळ्यांपर्यंत पोचली. रानकोंबडे त्यापायी किती मारले गेले असतील या विचाराने काचेवरचा माझा हात खाली आला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे त्यांना अभय मिळालं. आता माशा बांधणारे पाळलेल्या पक्ष्यांची पिसं वापरतात.

तिथे काम बघणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई मघापासून माझ्याकडे बघत होत्या. जवळ येऊन म्हणाल्या, तुम्ही माशा बांधता का? मी म्हटलं, नाही, पण हे पीस आमच्या गावचं आहे. मी लहान होते तेव्हा पहाटे पोस्टाच्या मागच्या रानातून याची बांग ऐकू यायची. बाईंनी सत्तर वर्षं ही पिसं हाताळली होती, वडिलांपासून. जिवंत पक्षी त्यांनी कधी पाहिला नव्हता, त्याचा आवाज कसा असतो हेही माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं, “कसा ओरडतो?”

संग्रहालयात आम्ही तिघीच होतो. मी डोळे मिटले आणि कोयनानगरची पहाट आठवून बांग दिली. कुक्‌ काया काया कुक्‌. शेवटचा कुक्‌ तोडून. बाईंनी पुन्हा द्यायला लावली. मग स्वतः देऊन पाहिली, आणि तिसऱ्या खेपेला त्यांना बरोबर जमली.

निघताना मी त्यांना कॅटलॉग दाखवला. त्यांच्या घरी त्या वर्षाचाच आला होता, म्हणाल्या. समासातल्या पेन्सिलच्या आकड्यांवरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, हे काय लिहिलंय? मी सांगितलं. मग त्या बोलू लागल्या. हिवाळ्यात रस्ते बंद असायचे तेव्हा त्यांची आई हाच कॅटलॉग शेगडीपाशी बसून मोठ्याने वाचायची. अशी आणखीही दुकानं होती. मिनेसोटातल्या वसिका गावचं हर्टर्स, त्याचा कॅटलॉग तर जाडजूड ग्रंथच, ते बुडालं. न्यूयॉर्कचं ॲबरक्रॉम्बी अँड फिच, शिकारीच्या बंदुका आणि तंबूंचं नामांकित दुकान, ते १९७६ मध्ये दिवाळखोरीत गेलं. आता त्या नावाने तरुणांचे कपडे विकतात. बीन टिकलं. “पण एल. एल. गेल्यावर वाचायला तशी मजा उरली नाही,” त्या म्हणाल्या. मजकूर तेच लिहायचे ना.

पाचवा दिवस : पुन्हा फ्रीपोर्ट

परतीच्या वाटेवर पाऊस, आणि डिंकाने साथ सोडली. दुकानात मी जवळजवळ अनवाणीच शिरले.

बायकांच्या मापाचे बूट घालून पाहिले. सहा नंबर, जाड मोजा घालून नीट बसला. घोट्याशी जरा ताठ, तो पुढे सैल होतो म्हणे. तळ झिजला तर हे बूट ब्रन्सविकच्या कारखान्यात पाठवता येतात, तिथे ते बनतातही, आणि जुन्या चामड्याला नवा रबरी तळ लावून मिळतो. काउंटरवरची मुलगी डबा बांधायला लागली. पहिल्या रात्रीचीच ती. मी तिला थांबवलं.

म्हटलं, “हे टपालाने पाठवता येतील का?”

तिला वाटलं सामान जड होतंय. पुतणी म्हणाली, “आत्या, आपण उद्या घरीच चाललोय. गाडीत भरपूर जागा आहे.” मी म्हटलं, ते मला ठाऊक आहे. मग मुलीने माझ्या काखेतल्या पंच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता पत्ता लिहून घ्यायला स्क्रीन वळवला. नावाच्या रकान्यात मी माझं नाव सांगितलं, माहेरचं, मधे अण्णांचं नाव असलेलं. स्पेलिंग दोनदा तपासून घेतलं. पत्ता पुतणीचा.

गाडीपर्यंत तिने मला तिच्या सपाता दिल्या. स्वतः मोजे भिजवत आली.

दहावा दिवस : बोस्टनजवळ, पुतणीचं घर

पार्सल दुपारी आलं. मी सकाळपासून खिडकीशी होते. वाहन थांबलं, माणूस उतरला, पायरीवर डबा ठेवून फोटो काढला आणि गेला. सही घ्यायला तो थांबला असता तर बरं वाटलं असतं.

डबा आत आणून टेबलावर ठेवला. अण्णा पार्सल घेताना आधी ते उचलून वजनाचा अंदाज घ्यायचे, मग चारही कडा बघायचे, कुठे दबलंय का, फाटलंय का, आणि सगळ्यात शेवटी पत्ता मोठ्याने वाचायचे. मी तसंच केलं. कडा धड होत्या. पत्ता वाचला. पुतणी स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली.

कात्री मागितली आणि चिकटपट्टी मधोमध कापली. आत खाकी कागद, त्याखाली चामड्याचा तो तेलकट वास. डावा बूट काढला, मनीऑर्डरचा फॉर्म दुमडून त्याच्या आत टाचेपाशी ठेवला, आणि उजव्यात लेस ओवायला बसले.